पार्श्वभूमी : इमॅटिनिब, यकृत आणि निफाडची द्राक्षं

फेब्रुवारीत नाशकात कुणी द्राक्षं नको म्हणालं की समजावं, एकतर शुगर आहे, नाहीतर कुणीतरी मोबाइलवर काहीतरी वाचून दाखवलंय. आमच्या मामांच्या बाबतीत दुसरं झालं. त्यांना सीएमएल आहे, म्हणजे रक्ताचा एक सावकाश वाढणारा कॅन्सर. गोळी इमॅटिनिब, ४०० मिलिग्रॅम, रोज जेवणाबरोबर आणि वर मोठा पेला पाणी. पुतण्याने वाचलं, 'ग्रेपफ्रूट टाळा'. घरात 'ग्रेप' एवढंच ऐकू गेलं. निफाड तालुक्यात तीन एकर थॉमसन जातीची द्राक्षबाग असलेल्या माणसाने अख्ख्या हंगामात एक मणी तोंडात टाकला नाही.

ग्रेपफ्रूट म्हणजे द्राक्ष नव्हे. ते आपल्या पपनसाच्या भाऊबंदकीतलं, लिंबाच्या कुळातलं फळ. त्याची भानगड कळली तीही अपघाताने. १९८०च्या दशकाअखेर कॅनडात डेव्हिड बेली आणि सहकारी रक्तदाबाच्या एका औषधावर दारूचा काय परिणाम होतो ते तपासत होते. दारूची चव लपवायला त्यांनी ग्रेपफ्रूटचा रस वापरला आणि औषधाची रक्तातली पातळी अनपेक्षित चढली. आतड्याच्या अस्तरात आणि यकृतात सीवायपी३ए४ नावाचं एक विकर, म्हणजे एन्झाइम, असतं. पुष्कळ औषधं मोडायचं काम त्याचं. ग्रेपफ्रूटमधली द्रव्यं आतड्यातलं हे विकर निकामी करतात. पपनसातही ती असतात, द्राक्षात नसतात. इमॅटिनिब मोडतं तेही मुख्यतः याच विकरामुळे, म्हणून गोळीच्या माहितीपत्रकात ते फळ आलं.

पण मामांना खरी उत्सुकता वेगळीच होती. २०१० साली क्लोरमेक्वाट या वेलीची वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या अंशामुळे युरोपात आपली द्राक्षं अडली. तेव्हापासून इथल्या बागायतदाराला रेसिड्यू आणि काढणीआधी किती दिवस फवारणी बंद, हा हिशेब तोंडपाठ असतो. पहिल्याच भेटीत त्यांनी विचारलं, "डॉक्टर, हे औषध उतरतं किती दिवसांत?"

या प्रश्नाचं उत्तर गोळीच्या जन्मकथेतच आहे. १९६०मध्ये फिलाडेल्फियात पीटर नॉवेल आणि डेव्हिड हंगरफोर्ड यांना सीएमएलच्या पेशींत एक तोकडं गुणसूत्र दिसलं. ते तोकडं का, हे १९७३मध्ये शिकागोच्या जॅनेट राउली यांनी दाखवलं : ९ आणि २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांचे तुकडे आपसांत बदलले होते. पुढे कळलं की त्या सांध्यावर दोन जनुकं जोडली जाऊन बीसीआर-एबीएल हे प्रथिन तयार होतं आणि ते पेशीला वाढीचा हुकूम सोडतच राहतं. स्टार्टर चिकटलेल्या मोटरीसारखं, विहीर आटली तरी चालूच. मोटरीला वीज लागते तसं या प्रथिनाला एटीपी, म्हणजे पेशीतलं इंधन, लागतं. इमॅटिनिबचा रेणू नेमका एटीपीच्या खोबणीत जाऊन बसतो.

हा रेणू स्वित्झर्लंडच्या बासेलमधल्या सिबा-गायगी कंपनीत घडला. निकोलस लायडन तिथे होते, रसायनाची बाजू युर्ग झिमरमान यांच्याकडे होती, आणि अमेरिकेत ओरेगनमध्ये ब्रायन ड्रुकर तो सीएमएलच्या पेशींवर तपासून पाहत होते. सुरुवातीचे रेणू खोबणीत बसत, पण पाण्यात नीट विरघळत नसत. पोटातून रक्तात न जाणारी गोळी काय कामाची? म्हणून झिमरमान यांनी रेणूच्या एका टोकाला पायपरॅझिन नावाचं अणूंचं कडं जोडलं आणि काम झालं. आज गोळीतलं ९८ टक्के औषध शरीरात शोषलं जातं. मला यातली मजा पुढे वाटते : यकृतातलं सीवायपी३ए४ पहिला घाव घालतं तो याच कड्यावर. त्यावरचा अणूंचा एक छोटा पुंजका, मिथाइल गट, ते काढून टाकतं. उरलेला रेणूही औषधासारखंच काम करतो आणि मूळ रेणूपेक्षा जास्त काळ टिकतो. मूळ औषधाची रक्तातली पातळी निम्मी व्हायला सुमारे १८ तास लागतात, या दुसऱ्याची सुमारे ४०. म्हणून दिवसाला एक गोळी पुरते. आठवड्याभरात सुमारे ८० टक्के बाहेर पडतं, तेही मुख्यतः शौचावाटे.

मामा म्हणाले, "म्हणजे आठ दिवस. बरं आहे."

कुत्र्यांवरच्या चाचण्यांत यकृताला अपाय दिसला होता, त्यामुळे माणसांवरच्या चाचणीला उशीर झाला. जून १९९८मध्ये ती सुरू झाली. ३०० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त डोस मिळालेल्या ५४ पेशंटपैकी ५३ जणांचे रक्तपेशींचे काउंट नॉर्मलला आले. १० मे २००१ रोजी अमेरिकेत मंजुरी मिळाली.

आपल्याकडे ही गोष्ट कोर्टात गेली, आणि तिथेही वाद शरीर औषध किती शोषतं यावरच येऊन थांबला. सिबा-गायगीतून पुढे झालेल्या नोव्हार्टिस कंपनीला इमॅटिनिबच्या एका विशिष्ट स्फटिकरूपाचं पेटंट हवं होतं. ते ३० टक्के जास्त शोषलं जातं, असा मुद्दा होता. आकडा उंदरांवरच्या प्रयोगातला. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयात न्या. आफताब आलम आणि न्या. रंजना देसाई यांच्या खंडपीठाने सांगितलं की जास्त शोषलं जाणं म्हणजे रोगावर जास्त गुणकारी असणं नव्हे. ते वेगळं सिद्ध करावं लागेल. पेटंट नाकारलं गेलं. तेव्हा कंपनीची गोळी महिन्याला सुमारे १ लाख २० हजार रुपयांची होती, भारतीय कंपन्यांची ८ ते १० हजारांची. कंपनी गरजूंना फुकट गोळ्या देण्याची योजनाही चालवत होती, हे खरं. पण योजना आणि दुकानातला भाव यांत फरक असतो.

गोळी फक्त बीसीआर-एबीएललाच धरत नाही. त्वचेतल्या रंगपेशींना लागणारं किट नावाचं प्रथिनही ती अडवते. त्यामुळे काही पेशंटचा रंग उजळतो, आणि आपल्यासारख्या सावळ्या कातडीवर ते चटकन दिसतं. चार महिन्यांत मामांचा चेहरा फिकट झाला, सकाळी पापण्या सुजू लागल्या, रात्री पोटऱ्यांत गोळे येऊ लागले. गावात एका लग्नात कुणीतरी म्हणालं, "आता बागेत जात नाही वाटतं, गोरे झाले!" मामी दिवसभर गप्प होती.

डॉक्टरांचा खरा घोर फळाचा नव्हता, चुकलेल्या गोळीचा होता. लंडनमध्ये ८७ पेशंटच्या बाटल्यांच्या झाकणांत इलेक्ट्रॉनिक नोंद ठेवणारी चिप बसवली होती. २०१०मध्ये निष्कर्ष आले. ९० टक्क्यांहून जास्त गोळ्या घेणाऱ्यांत सहा वर्षांत चांगला प्रतिसाद मिळण्याची शक्यता ९४.५ टक्के, त्याहून कमी घेणाऱ्यांत २८.४. महिन्यात तीन गोळ्या चुकल्या की माणूस दुसऱ्या रांगेत. दुसरा घोर क्षयाच्या रिफाम्पिसिनचा. ते सीवायपी३ए४ला इतकं चेकाळवतं की इमॅटिनिबचा शरीराला मिळणारा एकूण अंश सुमारे ७४ टक्क्यांनी घटतो. आपल्याकडे टीबी काही दुर्मिळ नाही, म्हणून दुसऱ्या कुठल्याही डॉक्टरांकडे जाताना ही गोळी सांगायलाच हवी.

औषधाला न जुमानणारा रोग मामांना समजावून सांगावा लागला नाही. डावणी या द्राक्षावरच्या रोगावर तेच तेच औषध मारलं की तो दाद देत नाही, हे त्यांनी पाहिलंय. २००१मध्येच चार्ल्स सॉयर्स यांच्या गटाला असे पेशंट सापडले, ज्यांच्या प्रथिनात ३१५व्या जागी एकच अमिनो आम्ल बदललं होतं आणि त्यामुळे गोळी खोबणीत बसेना. २००६मध्ये आलेलं डॅसॅटिनिब हे पुढचं औषध बाकीच्या बऱ्याच बदलांवर चाललं, या एका बदलावर नाही. त्यासाठी २०१२ उजाडलं आणि पोनॅटिनिब आलं.

'किती दिवसांत उतरतं' याचं आणखी एक उत्तर फ्रान्समधून २०१०मध्ये आलं. दोन वर्षांहून जास्त काळ ज्यांच्या तपासणीत बीसीआर-एबीएल सापडलं नव्हतं, अशा १०० जणांची गोळी थांबवली. औषध शरीरातून गेलं, तरी वर्षभरानंतर सुमारे ४० टक्क्यांत रोग परतला नव्हता. परतला तो बहुतेकांत पहिल्या सहा महिन्यांत, आणि गोळी पुन्हा सुरू केल्यावर दबला.

मामांचा रिपोर्ट अजून त्या पायरीवर आलेला नाही. या हंगामात मात्र त्यांनी थॉमसनचा पहिला घड पाण्याखाली धरला, दोन मणी स्वतः खाल्ले आणि बाकीचा पुतण्याच्या हातात दिला.