चुन्याच्या बोटाची करामत

तळहातावर तंबाखूची चिमूट, डबीतून बोटाच्या टोकावर काढलेला चुना, अंगठ्यानं मळणं, दोन टाळ्या मारून भुकटी उडवणं आणि उरलेला बार खालच्या ओठाआड. हे सगळं मिनिटभरात उरकतं. बार भरणाऱ्याला विचारा, चुना कशाला? ‘त्याशिवाय लागत नाही,’ असं उत्तर येईल. ते अगदी बरोबर आहे. रसायनशास्त्राच्या पुस्तकात हेच जरा पाल्हाळ लावून सांगितलेलं असतं.

तंबाखूचं पान किंचित आम्लधर्मी असतं. अशा ठिकाणी निकोटिनचे बहुतेक रेणू विद्युतभारित राहतात आणि भारित रेणूला गालाच्या आतलं नाजूक अस्तर सहजासहजी आत येऊ देत नाही. आम्लता मोजायचा आकडा म्हणजे सामू: तो जितका कमी तितकं आम्ल जास्त. सामू ६ असेल तर शंभरातला जेमतेम एक रेणू भारमुक्त असतो. सामू ८ झाला की निम्मे, ९ झाला की नव्वदच्या आसपास. चुना, म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड, सामू असा वर चढवतो आणि निकोटिनला दार उघडून देतो. वर अस्तरही पोळतं ते वेगळंच. प्रयोगशाळा न पाहिलेल्या माणसांनी हे पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवातून शोधून काढलं, याचं मला कौतुक वाटतं आणि वाईटही.

रक्तातून मेंदूत पोचलेलं निकोटिन अॅसिटिलकोलिन या निरोप पोचवणाऱ्या रसायनासाठी असलेल्या जागांवर, म्हणजे ग्राहींवर, जाऊन बसतं. त्यातून डोपामिन सुटतं आणि बरं वाटतं. रोजचा मारा सुरू झाला की मेंदू अशा ग्राहींची संख्या वाढवतो. मग त्या भरलेल्या नसल्या की चिडचिड, अस्वस्थता, कामात लक्ष नाही. यालाच आपण तलफ म्हणतो. रक्तातलं निकोटिन सुमारे दोन तासांत निम्म्यावर येतं. आठ तासांच्या झोपेत ते चार वेळा निम्मं होतं, म्हणजे सकाळी सोळावा हिस्सा उरतो.

आता मशेरीची वेळ आठवा. तव्यावर काळी होईस्तोवर भाजलेली तंबाखू कुटून सकाळी उठल्या उठल्या हिरड्यांना चोळायची. नाव दात घासण्याचं, पण वेळ नेमकी तलफेची. ‘मशेरी लावल्याशिवाय पोट साफ होत नाही,’ असं बायका सांगतात तेही खोटं नाही. निकोटिन आतड्यांना चालना देतं आणि ते सोडल्यावर काही दिवस बद्धकोष्ठता होऊ शकते. दात घासण्याच्या नावाखाली चालणाऱ्या या गोष्टीला घरात व्यसन कुणी म्हणतच नाही, त्यामुळे ती सोडवायलाही कुणी जात नाही.

आपल्याकडे तंबाखूविरोधी चित्रांत हटकून सिगारेट असते. पण २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले ३.८ टक्के प्रौढ धूम्रपान करणारे निघाले आणि बिनधुराची तंबाखू वापरणारे २४.४ टक्के. आपलं दुखणं गालात आहे, धुरात कमी.

विदर्भात ते खर्ऱ्याच्या रूपात दिसतं. पानठेल्यावर सुपारीचे तुकडे, तंबाखू आणि चुना एका पन्नीत घालून घोटतात. इथं सुपारी नुसती चवीला नसते. तिच्यातल्या अॅरेकोलिनमुळे गालाच्या अस्तराखाली कोलॅजेनचे तंतू साचत जातात, गाल ताठर होतो, तोंड हळूहळू उघडेनासं होतं. कर्करोगाच्या आधीची ही अवस्था तरुणांतही दिसते. तंबाखू नसली तरी सुपारीचा विडा कर्करोगकारक आहे, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००४ मध्येच नोंदवलं आहे. ‘मी फक्त सुपारी खातो’ म्हणणाऱ्यानं हे ऐकून ठेवावं.

राज्यानं २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली. लगेच पानमसाला एका पुडीत आणि तंबाखू दुसऱ्या पुडीत, असे जोड विकले जाऊ लागले. कायद्याची नजर पुडीवर असते. २०१६ पासून वेष्टनाच्या दर्शनी बाजूचा ८५ टक्के भाग इशाऱ्याच्या चित्रानं आणि मजकुरानं व्यापलेला असतो, हे चांगलंच झालं. पण डोळ्यांसमोर घोटलेल्या खर्ऱ्याच्या पन्नीवर कसलं चित्र येणार? म्हणून गडचिरोलीतल्या ‘मुक्तिपथ’ या व्यसनमुक्ती उपक्रमाचा मार्ग मला जास्त पटतो. तिथं कायद्याच्या जोडीला गावच विक्री थांबवायला पुढे येतं आणि सोडू पाहणाऱ्याला उपचारही मिळतो. मनोनिग्रहावर व्याख्यान दिल्यानं मेंदूतल्या ग्राही कमी होत नाहीत. त्यांना आठवडे लागतात.

सोडल्यावर त्रास पहिल्या दिवसातच सुरू होतो, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असतो आणि बहुतेकांचा तीन-चार आठवड्यांत ओसरतो. तलफेची एकेक लाट मात्र काही मिनिटांचीच असते. त्या काळात निकोटिनचा च्युइंगगम उपयोगी पडतो, आणि गंमत अशी की त्यातही चुन्याचीच युक्ती आहे. तोंडातला सामू वाढावा म्हणून त्यात कार्बोनेट घातलेलं असतं. म्हणूनच चहा-कॉफी किंवा सरबत घेतल्यावर पंधरा मिनिटं तो चघळू नये, आम्लानं परिणाम घटतो. आणि तो साध्या च्युइंगगमसारखा सतत चावायचा नसतो. थोडा चावून गाल आणि हिरडीच्या बेचक्यात ठेवून द्यायचा. ती जागा बार भरणाऱ्याला दाखवावी लागत नाही.

समुपदेशनासाठी १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय दूरध्वनी क्रमांक विनाशुल्क आहे. व्यसन किती खोल गेलंय याचा अंदाज घ्यायला डॉक्टर एक साधा प्रश्न विचारतात: उठल्यावर पहिला बार किती वेळानं लागतो? उत्तर पाच मिनिटांच्या आतलं असेल तर एकट्यानं झुंजू नका, औषधाची मदत घ्या. मशेरी लावणाऱ्या आजीलाही हाच प्रश्न विचारून बघा.