स्काऊट मास्टर, गाईड कॅप्टनचा बेसिक कोर्स: अर्ज कसा करायचा, कागद कोणते जोडायचे

जूनमध्ये शाळा उघडली की कामवाटपाचा तक्ता लागतो आणि सर्वांत नव्या शिक्षकाच्या नावापुढे हमखास ‘स्काऊट’ लिहिलेलं असतं. माझ्याही नावापुढे होतं. पथक म्हणजे काय, संघनायक कोणाला म्हणतात, काहीच ठाऊक नव्हतं. (पथक म्हणजे मुलांची अख्खी तुकडी, संघ म्हणजे तिच्यातला छोटा गट, आणि संघनायक त्या गटाचा पुढारी.) पाऊस सरल्यावर स्काऊट मास्टरच्या, म्हणजे पथक चालवणाऱ्या मोठ्या माणसाच्या, बेसिक कोर्सचं परिपत्रक आलं आणि अर्ज भरायला दोन दिवस मिळाले. घाईत भरलेला तो अर्ज परत आला. कोकणात दरवर्षी अनेकांचं हेच होतं, म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय.

आधी शाखा ठरवा. भारत स्काऊट्स आणि गाईड्समध्ये लहान मुलांसाठी कब, मुलींसाठी बुलबुल. साधारण दहा वर्षांपुढे मुलांसाठी स्काऊट, मुलींसाठी गाईड. त्यापुढे रोव्हर आणि रेंजर. प्रत्येक शाखेचा बेसिक कोर्स वेगळा असतो. कबचा कोर्स करून आठवीच्या मुलांचं पथक घेतलं, तर स्काऊटचा बेसिक पुन्हा करावा लागतो. झेडपीच्या शाळेतून हायस्कूलला गेलेल्या माझ्या एका सहकाऱ्याला हे नंतर कळलं, तेही सात दिवसांची रजा जुळवून झाल्यावर. गाईड कॅप्टन, म्हणजे गाईड पथकाची प्रमुख, स्त्रीच असते. कब मास्टर मात्र बाईही होऊ शकतात.

पात्रतेत फार अवघड काही नाही. वय १८ पूर्ण हवं, तब्येत शिबिराला झेपेल अशी हवी, आणि हाताशी पथक हवं किंवा सुरू करायची तयारी हवी. शिक्षक असणं सक्तीचं नाही. शाळेबाहेरची मुक्त पथकंही असतात, आणि तिथे बँकेतला माणूस, निवृत्त फौजी, बागायतदार कोणीही चालतो. आपल्याकडे हे फारसं कोणी सांगत नाही.

आता कागद. साधारणपणे हे मागतात: विहित नमुन्यातला अर्ज, दोन फोटो, ओळखपत्राची आणि शैक्षणिक पात्रतेची स्वसाक्षांकित प्रत, डॉक्टरांचं तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र, मुख्याध्यापकांची शिफारस, आणि पथकाच्या चालू वर्षाच्या नोंदणीची पावती. माझा अर्ज याच पावतीवर अडकला. आधीच्या सरांनी नोंदणी केली होती, पण त्या वर्षी तिचं नूतनीकरण झालंच नव्हतं. पथकाची नोंदणी दरवर्षी करावी लागते. कपाटात जुनी पावती सापडली म्हणून निश्चिंत होऊ नका, तिच्यावरचं वर्ष बघा. तुमची स्वतःची सभासद नोंदणी झाली आहे का, तेही त्याच फेरीत विचारून घ्या.

दुसरी अडचण कार्यमुक्तीची. शिफारसपत्र म्हणजे कार्यमुक्ती नव्हे. कोर्स सात दिवसांचा आणि निवासी असतो. मधल्या दिवशी संध्याकाळी घरी जाऊन येतो, लग्न आहे, गावची जत्रा आहे, असलं काही चालत नाही. गेलात तर कोर्स अपुरा धरतात. म्हणून परिपत्रकातल्या तारखा घालून कार्यमुक्तीचा लेखी आदेश घ्या, आणि तो काळ कर्तव्यकाळ धरला जाणार का, हे परिपत्रकात वाचून तसं आदेशात लिहून घ्या. परत आल्यावर हजर अहवालासोबत उपस्थितीचं पत्र जोडायचं असतं.

अर्ज भारत स्काऊट्स आणि गाईड्सच्या जिल्हा कार्यालयात, जिल्हा संघटकांकडे जातो. स्काऊट आणि गाईडचे संघटक वेगळे असतात, पाकिटावर तसं लिहा. फी, ठिकाण, काय आणायचं हे सगळं परिपत्रकात असतं. फीची पावती मागून घ्या, शाळेकडून प्रतिपूर्ती मिळण्यासारखी असेल तर तीच लागते.

सामानाबद्दल मात्र परिपत्रक कमी सांगतं. गणवेश पूर्ण न्या, आणि दोन जोड न्या, कारण लाल माती एका हाईकमध्ये पँटचं काय करते ते आपल्याला माहीत आहे. पाठ सांभाळायला जाड सतरंजी न्या. आमचं शिबिर सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या माळावर होतं. तंबूची खुंटी जांभ्यावर ठेवून हातोडा मारला की नुसता ठण्ण आवाज, खुंटी वाकडी, दगड तसाच. शेवटी गडग्याचे, म्हणजे दगडी कुंपणाचे, सुटे पडलेले चिरे आणून त्यांनाच तणावे बांधले. ट्रेनर परजिल्ह्यातले होते. त्यांनी वहीत टिपून घेतलं.

गाठींचीही तीच गंमत. आमच्या संघात हर्णैकडचे एक जण होते, घरची होडी. ट्रेनर बोलाइन समजावून सांगेपर्यंत यांनी ती एका हाताने मारून ठेवली होती. नाव काय, ते मात्र त्यांना पहिल्यांदाच कळलं. बाकी प्रथमोपचारातली त्रिकोणी पट्टी, होकायंत्र, अंतर-उंचीचा अंदाज घेणं, शेकोटी, नियम आणि वचन हे सगळं होतं, आणि ते मुलांसारखं संघात राहून शिकायचं. स्वयंपाकही आणि भांडीही. वयाने मोठ्या माणसांना हे जरा जड जातं. २०२१ च्या जुलैत चिपळूणला पाणी भरलं, तेव्हापासून इथल्या शिक्षकांना दोरी आणि प्रथमोपचाराचे तास कंटाळवाणे वाटत नाहीत.

बेसिक झाल्यावर पथक चालवायचं, जिल्हा कार्यालयामार्फत वॉरंटसाठी, म्हणजे पथकप्रमुखाच्या अधिकृत नेमणूकपत्रासाठी, अर्ज करायचा, आणि मग ॲडव्हान्स कोर्स. त्यानंतर हिमालय वुड बॅज हा पुढच्या टप्प्याचा कोर्स, तोही सात दिवसांचाच. वुड बॅजची पद्धत १९१९ पासूनची, इंग्लंडमधल्या गिलवेल पार्कची. चामड्याच्या दोरीत दोन लाकडी मणी मिळतात. पुढे सहाय्यक लीडर ट्रेनरला तीन आणि लीडर ट्रेनरला चार. दोन कोर्समध्ये किती अंतर हवं, ते त्या त्या परिपत्रकात बघा, आणि मधल्या काळातल्या सभा, हाईक, खरी कमाई (मुलांनी स्वतः काम करून पैसे मिळवण्याचा उपक्रम) यांच्या नोंदी तारखेनिशी ठेवा. पुढच्या अर्जाला आधीच्या प्रमाणपत्राची प्रत जोडावी लागते. मूळ प्रत शाळेच्या फाइलला लावू नका. बदली झाली की ती फाइल मागे राहते, आणि पावसाळ्यानंतर तिला वाळवी लागलेली मी पाहिली आहे.