सांत अंतर पद्धती

आंशिक अवकल समीकरणांची, म्हणजे एखादी राशी स्थळ-काळानुसार कशी बदलते हे सांगणाऱ्या समीकरणांची, उत्तरे आकड्यांच्या रूपात काढण्याची ही सर्वांत जुनी आणि समजायला सर्वांत सोपी रीत होय. उष्णतेचे वहन, तरंगांचे प्रसारण, द्रवाचा प्रवाह, धरणाच्या भिंतीतील ताण या सर्वांची समीकरणे मांडता येतात; पण त्यांचे उत्तर सूत्रात मिळते ते आकार साधा आणि सीमेवरच्या अटी सोयीच्या असतील तेव्हाच. एरवी प्रदेशावर बिंदूंची जाळी कल्पून, समीकरणातील अवकलजांच्या (बदलाच्या दरांच्या) जागी शेजारशेजारच्या बिंदूंवरील मूल्यांचे फरक ठेवले जातात आणि कलनाचा प्रश्न बेरीज-वजाबाकीवर आणला जातो. विद्यापीठांतील गणित, भौतिकी व अभियांत्रिकीच्या वरच्या वर्गांत संख्यात्मक उकलीचा अभ्यासक्रम बहुधा याच पद्धतीपासून सुरू होतो, आणि केवळ अचूक सूत्रे वापरल्याने उत्तर अचूक येत नाही, हा या विषयातला मुख्य धडाही विद्यार्थ्याला इथेच मिळतो.

एखाद्या बिंदूवरील दुसऱ्या अवकलजासाठी डावीकडचे व उजवीकडचे मूल्य मिळवून त्यातून मधल्या मूल्याची दुप्पट वजा करतात आणि आलेल्या संख्येला बिंदूंमधील अंतराच्या वर्गाने भागतात. टेलर श्रेणी वापरली की यातील त्रुटी अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात असते हे दिसते, म्हणजे अंतर निम्मे केले तर त्रुटी साधारण पाव उरते. या त्रुटीला छेदन-त्रुटी म्हणतात, आणि अंतर शून्याकडे नेताना ती नाहीशी होत असेल तर पद्धती मूळ समीकरणाशी सुसंगत आहे असे म्हणतात.

सळईतील उष्णतावहनाचे उदाहरण घेतले की पुढची अडचण स्पष्ट होते. कालावकलजासाठी साधा पुढचा फरक घेतला, तर पुढच्या क्षणाचे तापमान आधीच्या क्षणाच्या तीन मूल्यांवरून थेट मिळते. या हिशेबावर एकाच गुणोत्तराची सत्ता चालते : पदार्थाची विसरणशीलता (त्यात उष्णता किती झपाट्याने पसरते याचे माप) गुणिले काळाची पायरी, भागिले अंतराचा वर्ग. सळईवर सगळीकडे शून्य अंश आणि एकाच बिंदूवर १०० अंश तापमान आहे असे धरू. गुणोत्तर पाव असेल तर पहिल्या पायरीनंतर २५, ५०, २५ आणि दुसरीनंतर ६.२५, २५, ३७.५, २५, ६.२५ अशी मूल्ये येतात; उष्णता दोन्ही बाजूंना पसरते, जशी ती पसरायला हवी. आता काळाची पायरी चौपट करून गुणोत्तर १ केले, की पहिल्याच पायरीला १००, −१००, १०० आणि दुसऱ्या पायरीला १००, −२००, ३००, −२००, १०० असे आकडे येतात. दोन्ही हिशेबांत सर्व बिंदूंची बेरीज १०० च राहते, म्हणजे एकूण उष्णता कुठे गळालेली नाही. तरीही दुसरे उत्तर निरर्थक आहे, कारण कुठलाही नवा उष्णतास्रोत नसताना सळईचा कोणताही भाग १०० अंशांच्या वर किंवा शून्याच्या खाली जाऊ शकत नाही. सूत्र तेच, सुसंगती तीच, बेरीज-वजाबाकी बिनचूक, आणि निष्कर्ष मात्र चुकीचा.

याचे कारण गणितज्ञ जॉन फॉन नॉयमन यांच्या विश्लेषणाने सापडते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लॉस अॅलामॉस येथील अमेरिकी अणुबाँब प्रकल्पाच्या कामात त्यांनी ही रीत वापरात आणली. जाळीवरील कोणतीही चूक वेगवेगळ्या तरंगलांबीच्या लहरींची बेरीज मानायची आणि एका पायरीत प्रत्येक लहर कितीपट होते ते तपासायचे, असे तिचे स्वरूप आहे. वरील पद्धतीत सर्वांत आखूड लहर, म्हणजे एका बिंदूवर अधिक तर पुढच्यावर उणे अशी लहर, सर्वांत घातक ठरते. गुणोत्तर १ असताना ती दर पायरीला चिन्ह बदलून तिप्पट होते, त्यामुळे एक अब्जांश इतकी क्षुल्लक पूर्णांकन-त्रुटीसुद्धा (संख्या ठरावीक अंकांपर्यंतच ठेवल्याने येणारी चूक) वीस पायऱ्यांत तीनच्या वर जाते. गुणोत्तर अर्ध्यापेक्षा जास्त नसेल तरच कोणतीही लहर वाढत नाही. यालाच पद्धतीचे स्थैर्य म्हणतात.

या अटीची व्यवहारातली किंमत मोठी आहे. तांब्याची विसरणशीलता सेकंदाला सुमारे १.१ चौ. सेंमी. असते. तांब्याच्या सळईवर दर सेंमी.ला एक बिंदू घेतला तर काळाची पायरी ०.४५ सेकंदाच्या आत ठेवावी लागते, दर मिमी.ला बिंदू घेतला तर ती ०.००४५ सेकंदावर येते. बिंदू दहापट, पायऱ्या शंभरपट, म्हणजे काम हजारपट. आणि हाच प्रश्न तीन मितींत सोडवायचा झाला तर लाखपट. यावर उपाय म्हणून अंतर्निहित पद्धती निघाल्या. त्यांत पुढच्या क्षणाची सर्व मूल्ये एकमेकांत गुंतलेली असतात आणि दर पायरीला एकघाती समीकरणांचा संच सोडवावा लागतो, पण त्या बदल्यात पायरीवरचे बंधन सुटते. जॉन क्रँक व फिलिस निकोल्सन यांनी १९४७ मध्ये मांडलेली, जुन्या व नव्या क्षणांची सरासरी घेणारी पद्धती यांत सर्वांत प्रसिद्ध आहे. ती कोणत्याही पायरीला स्थिर असते. मात्र पायरी फार मोठी ठेवल्यास आखूड लहरी वाढत नसल्या तरी विरतही नाहीत आणि उत्तरात खालीवर होणारी खोटी कंपने रेंगाळतात, हे अनेक पाठ्यपुस्तके ओझरतेच सांगतात.

पद्धतीचा इतिहास संगणकापेक्षा जुना आहे. ब्रिटिश शास्त्रज्ञ लुईस फ्राय रिचर्डसन यांनी १९१० साली रॉयल सोसायटीला सादर केलेल्या निबंधात दगडी धरणातील ताण या रीतीने काढले. आकडेमोड त्यांनी मुलांकडून उक्त्या दराने करून घेतली होती. तीन अंकी संख्यांवर सर्वांत चपळ मुलांपैकी एक जण आठवड्याला सरासरी दोन हजार क्रिया करीत असे आणि चुकलेल्या क्रिया हिशेबात धरल्या जात नसत. पुढे पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये रुग्णवाहिका पथकात काम करीत असताना त्यांनी हवेच्या समीकरणांना हीच रीत लावली आणि २० मे १९१० या दिवसाचे मध्य युरोपातील हवामान मागाहून ‘वर्तवून’ पाहिले. १९२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या हिशेबात सहा तासांत वायुदाब १४५ हेक्टोपास्कलने वाढेल असे उत्तर आले. प्रत्यक्षात दाब जवळजवळ स्थिर होता. अपयशाचे मुख्य कारण आरंभीच्या निरीक्षणांत वारा व दाब यांचा मेळ नव्हता हे होते. पण हिशेब पुढे चालू ठेवला असता तर तो दुसऱ्याच कारणाने फसला असता. सुमारे २०० किमी. अंतराच्या जाळीवर त्यांची काळाची पायरी तीन तासांची होती आणि वातावरणातील सर्वांत वेगवान गुरुत्व तरंग (गुरुत्वाकर्षणामुळे हवेत उठणाऱ्या लाटा) सेकंदाला सुमारे ३०० मीटर जातात. त्या जाळीला दहा-अकरा मिनिटांची पायरी हवी होती.

ही मर्यादा रिचर्ड कुरंट, कुर्ट फ्रीड्रिक्स व हान्स लेवी यांच्या १९२८ च्या निबंधातून कळली. तरंगाच्या समीकरणात एखाद्या बिंदूवरचे खरे उत्तर आधीच्या ज्या पट्ट्यातील माहितीवर अवलंबून असते, तो सगळा पट्टा जाळीवरच्या हिशेबाच्या आवाक्यात आला पाहिजे. तरंग एका पायरीत जाळीचे एक घर ओलांडून पुढे जात असेल तर हिशेबाला लागणारी माहिती मिळतच नाही आणि जाळी कितीही बारीक केली तरी उत्तर खऱ्याकडे जात नाही. गंमत अशी की या तिघांना आकडेमोड करायचीच नव्हती. समीकरणाला उत्तर असते हे सिद्ध करण्यासाठी त्यांनी फरकांचा केवळ साधन म्हणून उपयोग केला होता. आज मात्र प्रवाहाचे गणित करणारा प्रत्येक जण त्यांच्या नावाचा अंक, म्हणजे तरंग एका पायरीत जाळीची किती घरे जातो ती संख्या, आपल्या प्रोग्रॅममध्ये तपासत असतो. नाझी राजवटीत तिघांनाही जर्मनी सोडून अमेरिकेत जावे लागले आणि कुरंट यांनी न्यूयॉर्कमध्ये उभारलेली संस्था या विषयाचे मोठे केंद्र बनली. त्याच वर्तुळातील पीटर लॅक्स व रॉबर्ट रिक्टमायर यांनी १९५६ मध्ये तुल्यतेचे प्रमेय मांडले : सुस्थित (ज्याला एकच उत्तर आहे आणि आरंभीच्या किंचित फरकाने ते फारसे बदलत नाही अशा) एकघाती आरंभमूल्य-प्रश्नासाठी सुसंगत पद्धती खऱ्या उत्तराकडे अभिसरण पावते, म्हणजे जाळी बारीक करत गेल्यास त्याच्या जवळ जाते, ती स्थिर असेल तेव्हा, आणि तेव्हाच. अभिसरण थेट सिद्ध करणे अवघड असते, तर सुसंगती व स्थैर्य हे दोन्ही तुलनेने सहज तपासता येतात. प्रमेयाचे व्यावहारिक मोल यात आहे.

१९५० साली अमेरिकेतील सुरुवातीच्या एनिअॅक संगणकावर चार्नी, फ्योर्टॉफ्ट व फॉन नॉयमन यांनी केलेल्या हवामान-अंदाजात ही अट चतुराईने टाळलेली दिसते. त्यांनी समीकरणच असे निवडले की त्यात वेगवान गुरुत्व तरंग उरत नाहीत; त्यामुळे सुमारे ७३६ किमी.च्या जाळीवर एक ते तीन तासांच्या पायऱ्या चालल्या. चोवीस तासांच्या अंदाजाला यंत्राची देखभाल व छिद्रित कार्डांची हाताळणी धरून जवळजवळ चोवीस तासच लागले.

प्रवाहाबरोबर वाहून जाणाऱ्या राशींच्या समीकरणांत आणखी एक पेच आहे. वाऱ्याच्या वरच्या अंगाचा फरक घेणारी साधी पद्धती पायरीची अट पाळल्यास स्थिर असते, पण ती धारदार सीमा बोथट करते. दुसऱ्या कोटीची अचूकता असलेली (त्रुटी अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात असलेली; पहिल्या कोटीत ती अंतराच्याच प्रमाणात असते) लॅक्स-वेन्ड्रॉफ पद्धती सीमा धारदार ठेवते, पण तिच्या आजूबाजूला खोट्या लाटा उठवते. सेर्गेई गोदुनोव यांनी १९५९ मध्ये दाखवून दिले की खोटे चढउतार निर्माण न करणारी कोणतीही एकघाती पद्धती पहिल्या कोटीपेक्षा अधिक अचूक असू शकत नाही. त्यामुळे नंतरच्या संशोधकांना उत्तराच्या आकारानुसार स्वतःला बदलणाऱ्या, अर्थात एकघाती नसलेल्या पद्धतींकडे वळावे लागले.

काळ नसलेल्या समतोलाच्या समीकरणांत स्थैर्याऐवजी आकारमानाची अडचण येते. बाजूला १०० बिंदू असलेल्या चौरसावर दहा हजार अज्ञाते असतात आणि त्यांच्या आव्यूहात (सहगुणकांच्या चौकोनी तक्त्यात) दहा कोटी जागा असतात, पण प्रत्येक ओळीत शून्येतर पदे पाचच्या वर नसतात. म्हणून थेट निरसनाऐवजी प्रत्येक बिंदूवर चार शेजाऱ्यांची सरासरी पुनःपुन्हा घेत जाण्याच्या रीती वापरतात. या रीती आखूड लहरींच्या चुका लगेच पुसतात, पण लांब लहरींच्या चुका अतिशय सावकाश; ती कसर काढण्यासाठी जाड व बारीक अशा अनेक जाळ्यांवर आळीपाळीने काम करणारी बहुजाळी पद्धती निघाली. वेड्यावाकड्या सीमांसाठी मात्र चौकोनी जाळी मुळातच गैरसोयीची असते आणि तिथे प्रदेशाचे लहान तुकडे पाडून काम करणारी सांत घटक पद्धती सरस ठरते.

अध्यापनात या विषयाचा प्रात्यक्षिक भाग सिद्धान्ताइतकाच महत्त्वाचा मानावा लागतो. ज्याचे नेमके उत्तर माहीत आहे असा प्रश्न घेऊन, जाळी वारंवार निम्मी करून, त्रुटी खरोखर पाव होत जाते की नाही हे पाहणे ही प्रोग्रॅमची किमान परीक्षा आहे. आलेख नुसता गुळगुळीत दिसतो म्हणून तो बरोबर मानणारा विद्यार्थी इथे पकडला जातो.

महाराष्ट्रात या गणिताचा सर्वांत मोठा वापर पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत दिसतो. २०१८ मध्ये तिथे ‘प्रत्युष’ हा सुमारे ४ पेटाफ्लॉप्स (एक पेटाफ्लॉप्स म्हणजे सेकंदाला एकावर पंधरा शून्ये इतक्या क्रिया) क्षमतेचा आणि २०२४ मध्ये ११.७७ पेटाफ्लॉप्सचा ‘अर्क’ हा महासंगणक कार्यान्वित झाला. संस्थेने विकसित केलेली, मे २०२५ मध्ये सुरू झालेली भारत पूर्वानुमान प्रणाली जगभरच्या हवामानाचा अंदाज ६ किमी.च्या जाळीवर काढते. पूर्वीची जाळी सुमारे १२ किमी.ची होती. अशा जागतिक प्रारूपांत आडव्या दिशेने शुद्ध सांत अंतरे न वापरता वर्णपटीय पद्धती (राशी लहरींच्या बेरजेने मांडणारी) आणि हवेच्या कणाचा मागचा मार्ग शोधणाऱ्या रीती वापरतात, त्यामुळे १९२८ ची अट पुष्कळ सैल होते. तरी जाळी दोन्ही आडव्या दिशांना निम्मी केली की बिंदू चौपट होतात, आणि अचूकतेसाठी काळाची पायरीही त्याच प्रमाणात निम्मी केली तर एकूण आकडेमोड सुमारे आठपट होते.