जंतू सापडला, म्हणजे नेमकं काय बिघडलं?

कल्चरचा, म्हणजे नमुन्यातले जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीचा, रिपोर्ट मिळाल्यावर आमच्या प्रयोगशाळेत दोन प्रकारचे फोन येतात. ‘ई. कोलाय आलाय, फार वाईट आहे का?’ आणि ‘नो ग्रोथ, म्हणजे काहीच वाढलं नाही, असं लिहिलंय, मग आजार कशाचा?’ दोन्हींचं उत्तर जंतूच्या नावापेक्षा तो कुठे आहे आणि तिथे काय करतो, यावर ठरतं.

ई. कोलाय या जिवाणूचंच घ्या. आपल्या आतड्यात तो जन्मभर निमूटपणे राहतो, त्यामुळे शौचाच्या नमुन्यात नुसता तो सापडणं ही बातमीच नव्हे. त्याच्या काही जाती बारीक तंतूंनी मूत्रमार्गाच्या अस्तराला अशा चिकटतात की लघवीच्या धारेनंही सुटत नाहीत. तिथून जळजळ आणि ताप सुरू होतो. तोच रक्तात सापडला, तर मात्र डॉक्टरांना लगेच गाठा.

जंतू नाही, त्याचं विष

कॉलऱ्याचा जिवाणू लहान आतड्याला चिकटून राहतो, शरीरात खोलवर घुसत नाही. त्याचं विष अस्तराच्या पेशींत शिरून त्यांना क्षार आणि पाणी सतत बाहेर टाकायला लावतं. तीव्र आजारात तासाला लिटरभर पाणी जाऊ शकतं. शास्त्रज्ञ शंभुनाथ डे यांनी १९५९ मध्ये कोलकात्यात हे दाखवलं: जिवाणू गाळून काढलेला नुसता द्रव सशाच्या आतड्यात सोडला, तरी आतडं पाण्यानं फुगलं. म्हणूनच कॉलऱ्यात पहिला उपचार पाणी आणि क्षार भरून काढण्याचा. अँटिबायोटिक त्याच्या जोडीला.

धनुर्वातात जखम किरकोळ, कधी भरूनही आलेली असते. तिथून निघालेलं विष मज्जारज्जूपर्यंत पोचतं आणि स्नायूंना सैल सोडणारे संदेश अडवतं; दातखीळ बसते, पाठ ताठते. जखमेच्या कल्चरमध्ये बऱ्याचदा काहीच येत नाही, निदान लक्षणांवरूनच होतं. अन्नातून विषबाधा करणाऱ्या स्टॅफिलोकॉकसचंही तसंच. पदार्थ पुन्हा उकळला की जिवाणू मरतात, विष शाबूत राहतं आणि काही तासांत उलट्या सुरू होतात. अशा उकळलेल्या पदार्थाचं कल्चर ‘स्वच्छ’ आलं, म्हणून तो निर्धोक ठरत नाही.

शरीराचीच लढाई अंगावर येते तेव्हा

क्षयाच्या जिवाणूकडे कॉलऱ्यासारखं विष नाही. तो संरक्षक पेशींच्या आतच मुक्काम करतो. शरीर त्याला गाठीत कोंडू पाहतं आणि त्या झटापटीत फुफ्फुसाचाच भाग मरून पोकळी होते. घशातल्या स्ट्रेप्टोकॉकस जिवाणूची गोष्ट अधिक फसवी. घसा बरा होतो, दोन-तीन आठवड्यांनी सांधे सुजतात आणि हृदयाच्या झडपांना इजा होऊ लागते, कारण जंतूविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडं (अँटिबॉडीज) स्वतःच्याच ऊतींवर उलटतात. तोवर घशात बऱ्याचदा जंतू उरलेलाच नसतो. म्हणून डॉक्टर अशा वेळी रक्तातली एएसओ तपासणी, म्हणजे स्ट्रेप्टोकॉकसविरुद्धच्या प्रतिपिंडांची तपासणी, सांगतात.

विषाणू पेशीत शिरून तिची यंत्रणा स्वतःच्या प्रती काढायला वापरतात. रेबीजबद्दल मात्र स्पष्ट सांगतो. तो विषाणू मज्जातंतूंमधून मेंदूकडे सरकतो आणि लक्षणं दिसण्याआधी तो ओळखणारी कोणतीही रक्ततपासणी नाही. कुत्रा चावल्यावर आमच्याकडे येऊ नका. जखम साबण-पाण्यानं पंधरा मिनिटं धुवा आणि लसीसाठी थेट दवाखाना गाठा.

जनावरं आणि झाडं

गाईच्या सडातला स्टॅफिलोकॉकस ऑरियस दुधात रोज सारखा उतरत नाही. दूध डोळ्यांना चांगलं दिसतं, एक नमुना नकारात्मक येतो आणि कासदाह आतून चालूच राहतो. दुसरा नमुना मागितला, तर तो बिल वाढवण्यासाठी नसतो.

टोमॅटो-वांग्याच्या जिवाणूजन्य मर रोगात जंतू पाणी वाहणाऱ्या नलिका चिकट द्रवानं बुजवून टाकतो, म्हणून जमीन ओली असूनही हिरवं रोप माना टाकतं. हे घरीही पाहता येतं: खोडाचा ताजा तुकडा स्वच्छ पाण्याच्या ग्लासात उभा धरा. कापातून काही मिनिटांत दुधाळ धागे सुटले, तर संशय पक्का. रोप पाठवाल तेव्हा मुळं आणि खोडाचा बुंधा हवाच. नुसत्या पानांवरून आम्हाला सांगता येणार नाही.

नमुना देताना

लघवी मधल्या धारेची द्या, म्हणजे सुरुवातीची थोडी सोडून. नमुना अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसाआधी घेतलेला उत्तम, पण रुग्ण गंभीर असेल तर त्यासाठी औषध अडवून ठेवू नका. डोस झाला असल्यास औषधाचं नाव आणि वेळ चिठ्ठीवर लिहा, म्हणजे ‘नो ग्रोथ’ आलं तर ते औषधामुळे असू शकतं का, हे डॉक्टरांना पाहता येईल.