मुरवलेल्या चहाला ‘श्वास’ लागतो का?

चीनच्या युन्नान प्रांतातील पु-अर या मुरवून पिण्याच्या चहाच्या, दाबून केलेल्या वडीला ‘श्वास’ घेता यावा म्हणून ती नुसत्या कागदात गुंडाळून उघड्या फळीवर ठेवावी, असे वर्षानुवर्षे सांगितले जाते. युन्नानची राजधानी असलेल्या, कोरड्या हवेच्या कुनमिंगमध्ये ते निभावते. परंतु ठाण्यात जुलै-ऑगस्टमध्ये सापेक्ष आर्द्रता अनेकदा ८० टक्क्यांवर जाते आणि ७० टक्क्यांपलीकडे बुरशीचा धोका झपाट्याने वाढतो. दमट हवेतही चहा मुरतो याला दाखला हाँगकाँगच्या दमट गोदामांचा दिला जातो, पण तेथे तो चहा पुढे कोरड्या जागी हलवला जातो, हे कोणी सांगत नाही. वडीच्या कडेला केसाळ पांढरा थर आणि कुबट वास आढळल्यास तो चहा मुरलेला नसून बिघडलेला असतो. कृपया तो धुऊनही पिऊ नये. मुरण्यापुरता प्राणवायू डब्यातल्या हवेत असतोच. त्यामुळे कोरडी वडी पावसाळ्यापूर्वीच गंधहीन, हवाबंद डब्यात, आर्द्रता ६५ टक्क्यांच्या आसपास राखणाऱ्या पुडीसह, फोडणीच्या वासापासून दूर ठेवावी.