काचबिंदूचे ड्रॉप नेणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

आपल्या मेडिकलमधून काचबिंदूचे ड्रॉप नेणारे बरेच जण आहेत आणि काउंटरवर प्रश्न तेच तेच येतात, संध्याकाळच्या गर्दीत नीट उत्तर देता येत नाही, म्हणून हे छापून बॉक्ससोबत देतोय. घरी ड्रॉप दुसरं कोणी घालत असेल, सून, नातू, कोणीही, तर त्यांना आधी वाचायला द्या.

सगळ्यात जास्त ऐकू येतं ते हे. "बाटली मागच्याच महिन्यात संपली, पण आता डॉक्टरांकडे जायचंच आहे ना, मग तेव्हाच नवीन घेऊ." किंवा, "तीन महिने घातले, नजरेत काडीचा फरक नाही, म्हणून बंद केले." कृपया असं करू नका. या एका गोष्टीसाठीच हा कागद काढलाय, बाकीचं सगळं त्याच्या मागून.

काचबिंदूच्या ड्रॉपने नजर वाढत नाही, त्यामुळे फरक दिसणारच नाही. डोळ्याच्या आत सतत पाणी तयार होत असतं (अश्रू नव्हेत, हे आतलं वेगळं पाणी) आणि ते बुबुळाच्या कडेला असलेल्या बारीक जाळीतून बाहेर जातं. मोरीची जाळी तुंबली की पाणी साचतं तसं इथेही होतं, डोळ्यातलं प्रेशर वाढतं आणि मागच्या बाजूने मेंदूकडे जाणारी नस दबत जाते. त्या नसेत दहा लाखांच्या आसपास तंतू असतात आणि मेलेला तंतू कुठल्याही औषधाने, लेसरने किंवा ऑपरेशनने परत येत नाही. आणि नजर आधी जाते ती कडेची, मधली शेवटपर्यंत शाबूत राहू शकते, म्हणून पेपर वाचता येतो, सुईत दोरा ओवता येतो आणि माणूस म्हणतो मला काही झालेलंच नाही. ड्रॉपचं काम एवढंच की प्रेशर खाली ठेवायचं आणि उरलेली नस वाचवायची. हे काम चाललंय की नाही ते तुम्हाला जाणवत नाही, मशीनवरच कळतं.

आता मध्ये खंड पडला की काय होतं ते बघा. समजा महिनाभर ड्रॉप बंद आहेत आणि तुम्ही तपासणीला गेलात. प्रेशर वाढलेलं निघतं. डॉक्टरांना वाटतं औषध पुरत नाहीये, म्हणून ते दुसरं औषध जोडतात किंवा जास्त कडक देतात, मग दोन बाटल्या, दुप्पट खर्च, डोळ्यांची आग वेगळी, आणि मुळात पहिलं औषध चांगलंच काम करत होतं! याच्या उलटंही होतं आणि ते जास्त वाईट. काही जण एरवी घालत नाहीत पण तपासणी जवळ आली की आधी चार-पाच दिवस न चुकता घालतात. मग प्रेशर छान येतं, डॉक्टर म्हणतात चालू ठेवा, आणि मधल्या महिन्यांत नस खराब होत राहिली ते फील्ड टेस्ट (कडेची नजर किती उरली ते बघायची तपासणी) करेपर्यंत कुणाला कळत नाही. तेव्हा खंड पडला असेल तर डॉक्टरांना सरळ सांगा, इतके दिवस घातले नाहीत म्हणून. रागावतील फार तर, पण औषध चुकीचं वाढणार नाही.

रात्री एकदाच घालायचे ड्रॉप असतात (लॅटॅनोप्रॉस्ट, ट्रॅव्होप्रॉस्ट, बायमॅटोप्रॉस्ट) त्यांचा असर साधारण दिवसभर टिकतो, टिमोलॉलचा साधारण बारा तास, म्हणून ते बहुतेकांना दोनदा लिहून देतात. एखादी वेळ चुकली तर पुढच्या वेळी दोन थेंब घालून भरपाई होत नाही, ठरलेल्या वेळी नेहमीचा एकच घाला.

"बाटली पंधरा दिवसांतच संपते, कमी भरलेली असते" ही तक्रारही नेहमीची. अडीच एमएलच्या बाटलीत साधारण ८० थेंब बसतात. दोन्ही डोळ्यांत रात्री एक एक म्हणजे महिन्याला ६०, म्हणजे पुरायला हवी. पुरत नाही कारण एकाच्या जागी दोन-तीन पडतात. डोळ्यात एका थेंबापेक्षा जास्त मावतच नाही, उरलेलं गालावरून ओघळतं. हात धुवा, मान मागे करा, खालची पापणी बोटाने ओढून खळगा करा, बाटलीचं टोक डोळ्याला न लावता एक थेंब टाका, डोळा मिटा आणि नाकाजवळचा कोपरा बोटाने दोन मिनिटं दाबून धरा. हा कोपरा दाबणं फार जण सोडून देतात. न दाबल्यास औषध नाकात, घशात उतरतं, तोंड कडू होतं, आणि टिमोलॉल असेल तर दम्याच्या किंवा हृदयाचे ठोके मंद असलेल्या माणसाला त्याचा त्रास होऊ शकतो. दमा असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा, आम्हालाही सांगा. दोन वेगळे ड्रॉप असतील तर मध्ये पाच-दहा मिनिटं जाऊ द्या, नाहीतर दुसरा पहिल्याला धुऊन काढतो. हात थरथरत असतील तर दुकानात या, दुपारी गर्दी नसते, करून दाखवतो, त्याचे पैसे नाहीत.

लाली, आग, पापण्यांचे केस लांब होणं, डोळ्याभोवती काळसरपणा, असं काही औषधांनी होतं. त्रास असेल तर डॉक्टर औषध बदलून देऊ शकतात, पर्याय बरेच आहेत. स्वतःहून बंद करू नका एवढंच.

आता आमच्यावर राग असतो त्या गोष्टी. आम्ही चिठ्ठीशिवाय डोळ्याचे ड्रॉप देत नाही आणि कंपनी परस्पर बदलून देत नाही. स्वस्त पर्याय आमच्याकडे असतात आणि आम्ही ते सांगतोही, पण डॉक्टरांना विचारून, फोन आम्हीच लावतो. आणि डोळे लाल झाले, खाज येते म्हणून स्टेरॉइडचे ड्रॉप मागायला येतात त्यांना तर अजिबात देत नाही, भले गिऱ्हाईक दुसरीकडे जावो. स्टेरॉइडचे ड्रॉप बरेच दिवस घातले की काही जणांचं प्रेशर वाढतं आणि चांगल्या डोळ्याला काचबिंदू होतो, लहान मुलांनासुद्धा. शेजारच्यांची उरलेली बाटली तर मुळीच वापरू नका. सर्दीच्या गोळ्या घेतानाही काचबिंदू आहे हे सांगा. डोळ्यातला कोन (पाणी बाहेर नेणारी ती जाळी असते ती जागा) अरुंद असलेल्यांना काही गोळ्यांनी एकदम अटॅक येऊ शकतो. डोळा अचानक लाल, जबरदस्त दुखणं, डोकेदुखी, उलटी, दिव्याभोवती रंगीत कडी, असं झालं तर आमच्याकडे गोळी मागायला येऊ नका, रात्र असली तरी थेट डोळ्यांच्या दवाखान्यात जा. अशा वेळी काही तासांच्या उशिरानेही फरक पडतो.

"मोतीबिंदूसारखं एकदा ऑपरेशन करून मोकळं होता येत नाही का?" तसं नाही. कोन अरुंद असेल तर लेसरने बुबुळाला बारीक भोक पाडतात, कोन उघडा असेल तर जाळीवर लेसर करतात, आणि भागत नसेल तर ऑपरेशनने पाण्याला नवी वाट करून देतात. काहींचे ड्रॉप त्यानंतर कमी होतात, काहींचे बंदही होतात, पण तपासणी आयुष्यभर. कोणाला काय करायचं ते डॉक्टरच ठरवतील. प्रेशर १० ते २१ नॉर्मल धरतात, तरी २१च्या आत असूनही नस खराब होणारे लोक असतात, त्यामुळे शेजाऱ्याच्या आकड्याशी स्वतःचा आकडा लावून बघू नका. आणि सख्खे भाऊ, बहीण, मुलं यांची एकदा तपासणी नक्की करून घ्या, हा आजार घरात चालतो.

काही बाटल्या फोडेपर्यंत फ्रिजमध्येच ठेवायच्या असतात, तशा आम्ही बर्फाच्या पाकिटात देतो. वाटेत इतर कामं असतील तर ती आधी उरका आणि घरी जाताना औषध न्या, गाडीच्या डिकीत दुपारभर ठेवू नका. बाटली फोडली की त्या दिवसाची तारीख त्यावर पेनाने घाला. बहुतेक बाटल्या फोडल्यावर महिनाभरच वापरायच्या असतात, थोडं औषध उरलं तरी टाकून द्या.

आणि बाटली हलवून बघितल्यावर आठवड्याचंच उरलंय असं वाटलं की लगेच व्हॉट्सॲपवर चिठ्ठीचा फोटो पाठवा. लेबल पुसलेल्या बाटलीचा नको, चिठ्ठीचा. काही औषधं स्टॉकिस्टकडून मागवावी लागतात आणि शनिवारी रात्री सांगितलं तर सोमवारशिवाय हातात येत नाहीत. नेहमीच्या ग्राहकांची नावं आम्ही वहीत लावून ठेवतो, महिना भरत आला की फोन करतो, आजूबाजूच्या गावात घरपोचही देतो. तुमचं नाव लावायचं असेल तर काउंटरवर सांगा, पुढच्या तपासणीची तारीखही तिथेच लिहून घेऊ.