नाटकातला मोबाईल: वाद आला कुठून

आवडत्या नटाला प्रत्यक्ष बघायचं म्हणून माणूस रविवारची दुपार मोडतो, तिकीट काढतो, आणि तिसरी घंटा होऊन अंधार झाला की त्याचाच हात फोनकडे जातो. 2019 मध्ये यावरून मराठी नाटकवाल्यांत मोठा भडका उडाला. त्यामुळे अनेकांना वाटतं की सगळं तिथूनच सुरू झालं. तसं नाहीये.

प्रेक्षकाने चालू प्रयोग अडवणं आपल्याकडे फार जुनं आहे. संगीत नाटकाच्या भरात वन्स मोअर आला की नट कथानक तिथेच ठेवून पद पुन्हा म्हणायचे, प्रयोग पहाटेपर्यंत लांबायचे आणि त्याबद्दल कुणाची तक्रार नसायची. 8 जुलै 1921 चं मुंबईतलं संयुक्त मानापमान, म्हणजे दोन नाटक कंपन्यांनी मिळून केलेला 'मानापमान' नाटकाचा प्रयोग, तर लोकांनी गोष्टीसाठी बघितलंच नाही, दोन मोठे गायक नट एकाच रंगमंचावर समोरासमोर ऐकायला मिळणार म्हणून चढ्या दराची तिकिटं काढली. पण तो अडथळा नटासाठीच असायचा, हाक त्याला मारलेली असायची आणि तो तिला ओ द्यायचा. फोनची हाक बाहेरून येते, स्टेजवरच्या माणसाचा तिच्याशी काही संबंध नसतो. माझ्या मते खरा फरक एवढाच आहे. पुढे बोलपट आले, नाटक कंपन्या मोडल्या, रात्रभराचं नाटक तीन तासांवर आलं. ते सगळ्यांना माहीतच आहे.

नव्वदच्या दशकात नाटक बघायचं म्हणजे पेपरातल्या जाहिराती चाळायच्या, प्लॅन कधी लागतोय, म्हणजे तिकीटविक्री कधी सुरू होतेय, ते बघायचं आणि शिवाजी मंदिर किंवा गडकरी नाट्यगृहाच्या तिकीट खिडकीवर जाऊन उभं राहायचं, खिडकीतला माणूस खुर्च्यांचा कागद पुढे सरकवणार आणि आपण बोट ठेवणार, तिसरी रांग, कोपऱ्याची नको. प्रयोग संपल्यावर धीर असेल तर विंगेतून आत, मेकअप पुसत असलेल्या नटाला नमस्कार करायचा, दोन शब्द बोलायचे, सही घ्यायची. घरी न्यायला एवढंच असायचं, आणि ते वर्षानुवर्षं पुरायचं.

मोबाईल भारतात 1995 ला आला पण सुरुवातीला इनकमिंगलाही पैसे पडायचे, त्यामुळे नाट्यगृहात फोनवाले मोजकेच. 2003 मध्ये इनकमिंग फुकट झालं आणि प्रत्येक खिशात फोन आला. त्या काळात नियमित जाणाऱ्यांना एक आवाज नक्की आठवत असेल, रिंग वाजायच्या आधी स्पीकरमधून येणारं टिडिक टिडिक. साऊंड सिस्टीमजवळच्या फोनचा सिग्नल वायरमध्ये शिरायचा, म्हणजे रिंग वाजायच्या आधीच तो फोन अख्ख्या नाट्यगृहाला ऐकू गेलेला असायचा. नंतर कॅमेरे आले, आणि 2016 नंतर डेटा स्वस्त झाल्यावर बसल्या जागेवरून लाइव्ह करणंही सोपं झालं. आता त्रास फक्त कानांना नव्हता. काळोखात एकाने स्क्रीन लावला की त्याचा चेहरा निळा उजळतो, तो मागच्या पाच रांगांना दिसतो आणि स्टेजवरच्या नटाला तर सगळ्यात आधी दिसतो, कारण त्याच्या समोर बाकी सगळा अंधारच असतो.

2019 च्या मे महिन्यात नाशिकमध्ये एका नटाने फोन वाजत राहिले म्हणून चालू प्रयोग थांबवला. थोड्या दिवसांनी दुसऱ्या एका लोकप्रिय नटाने वैतागून, असंच चालणार असेल तर नाटकात काम करणं बंद करतो असं जाहीर लिहिलं, आणि पुढे तोच नट नाट्यगृहाच्या दारात उभा राहून प्रेक्षकांना फोन सायलेंट करायला सांगताना दिसला. ज्याला बघायला लोक आले तोच डोअरकीपर झाला, हे बघून मला फार वाईट वाटलं होतं.

याच सुमाराला मुंबईत महापालिकेच्या नाट्यगृहांत जॅमर, म्हणजे मोबाईलचं नेटवर्क अडवणारी यंत्रं, बसवा अशी मागणी पुढे आली आणि सगळी चर्चा तिकडेच वळली. बाजूने बोलणारे म्हणत होते, विनंत्या करून दहा वर्षं गेली, आता सक्तीच हवी. विरोधात डॉक्टर होते, घरी आजारी आईवडील किंवा लहान मूल ठेवून आलेले होते. यातल्या कुणालाही बेशिस्त म्हणता येत नाही, व्हायब्रेटवर फोन ठेवून, वेळ पडली तर बाहेर जाऊन बोलणारी ही माणसं. शिवाय जॅमर कुणीही उठून लावायचं यंत्र नाही, सरकारी परवानगी लागते, आणि त्याचा परिणाम भिंतीपाशी थांबेलच याची खात्री नसते, बाजूच्या इमारती आणि दुकानंही त्यात येऊ शकतात. पण मला सगळ्यात मोठी अडचण वेगळीच वाटते आणि तिच्याबद्दल तेव्हा फारच कमी बोललं गेलं. जॅमरने नेटवर्क जातं, कॅमेरा चालूच राहतो. रेकॉर्डिंग होणार, स्क्रीन उजळणार, इंटरव्हलला बाहेर आल्यावर क्लिप ग्रुपवर जाणार, आणि रहस्यनाटक असेल तर पुढच्या शहरातल्या प्रेक्षकाला शेवट आधीच कळणार. नटांची तक्रार खरी होती, त्यांच्याच बाजूने मी आहे, पण मागितलेला उपाय अर्ध्या दुखण्यावरचा होता.

मग मार्च 2020 ला नाट्यगृहंच बंद पडली. 5 नोव्हेंबरला, म्हणजे नेमकी रंगभूमी दिनाला, निम्म्या खुर्च्यांवर परवानगी मिळाली, 2021 मध्ये परत बंद, आणि 22 ऑक्टोबर 2021 ला पुन्हा सुरुवात. परत आलेल्या प्रेक्षकाशी नाटकवालेही थोडे वेगळे वागायला लागलेत. घंटेआधीची सूचना आता बऱ्याचदा नाटकातल्याच नटाच्या आवाजात असते, ती लोक ऐकतात. काही नाटकांत शेवटी सगळे कलाकार ओळीत उभे राहिले की आता फोन काढा, हवे तेवढे फोटो घ्या असं स्टेजवरूनच सांगतात, आणि तोवर दाबून ठेवलेले फोन एकदम वर येतात. मेकअप रूमबाहेरची रांगही अजून लागते, फक्त सहीच्या वहीऐवजी सेल्फी. मधल्या तीन तासांत फोन वाजला तर काय करायचं हे मात्र अजून प्रत्येक नाटक आपापलं ठरवतं, कुणी न थांबता पुढे जातं, कुणी थांबून वाट बघतं.